बाकी शून्य, मग उरलं काय?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव पत्रिकेवर छापलेलं आहेच. मी त्यांना आयुष्यभर ‘सर’ म्हटलं आणि आजही तसंच म्हणणार आहे. विषय निवडायची मोकळीक मिळाली तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. नववीच्या पुस्तकातला अवयव सिद्धांत घेऊन मी आलो आहे. पुस्तकात तो जेमतेम दोन ओळींत बसतो. बहुपदीत क्षच्या जागी अ ही संख्या ठेवली आणि किंमत शून्य आली, तर क्ष − अ हा त्या बहुपदीचा अवयव असतो; आणि क्ष − अ हा अवयव असेल तर अ ठेवल्यावर किंमत शून्यच येते.

सर फळ्यावर एखादी घन बहुपदी लिहायचे आणि बाजूला उभे राहायचे. आम्ही एक घालून बघायचो, उणे एक घालून बघायचो, मग दोन, उणे दोन. कुठंतरी शून्य यायचं आणि वर्ग ओरडायचा, ‘सर, शून्य आलं!’ सर विचारायचे, ‘बाकी शून्य. मग उरलं काय?’ बाकीच शून्य म्हटल्यावर उरणार काय, असं आम्हाला पहिल्यांदा वाटायचं. त्यांना भागाकार हवा असायचा. घन बहुपदीतून एक अवयव काढून घेतला की वर्ग बहुपदी उरते, आणि ती आपल्याला सोडवता येते. शून्य सापडलं की पोरं खडू ठेवून जागेवर जातात, हे त्यांना पटत नसे. गणित तिथून पुढं सोपं झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण ते सोडून देतो. मला आज जे सांगायचं आहे ते त्यांच्या या एका प्रश्नातलंच आहे.

उदाहरण आपल्या मातीतलं घेतो. चाळीसगावजवळ पाटणे आहे, तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढं आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण्याला एक मठ स्थापन झाला आणि त्याला दानं मिळाली, असं त्या लेखात आहे. मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग, मठाला कुणी काय द्यायचं तो, त्या काळच्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या आठवणीसाठी गणित शिकवायची सोय केली गेली आणि तिचा हिशोब मराठीत कोरला गेला. आज या सभागृहात उभं राहताना मला तो दगड आठवतो.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक प्रश्न आहे. अशी राशी कोणती, की तिच्या बारापटीत तिचाच घन मिळवला तर तिच्या वर्गाची सहापट अधिक पस्तीस एवढं होतं? आजच्या लेखनात क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. भास्कराचार्यांची युक्ती देखणी आहे. सहा वर्ग डावीकडे आणले आणि दोन्ही बाजूंतून आठ वजा केले, की डावीकडे क्ष − २ चा पूर्ण घन तयार होतो आणि उजवीकडे सत्तावीस राहतात. सत्तावीसचं घनमूळ तीन, म्हणून क्ष पाच. पण आठच का वजा करायचे? ते ज्याला सुचलं त्याला सुचलं. सहगुणक जरा बदलले की ही वाट बंद होते. तिसऱ्या कोटीच्या समीकरणासाठी सरसकट चालणारा नियम त्यांनी दिलेला नाही.

आता नववीतली मुलगी हेच कसं करते ते बघू. ती सगळं एका बाजूला आणते: क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५. क्ष पूर्णांक असेल, तर पस्तीस उजवीकडे नेऊन डावीकडून क्ष बाहेर काढता येतो: क्ष(क्ष² − ६क्ष + १२) = ३५. म्हणजे क्षने पस्तीसला भाग गेलाच पाहिजे. ऋण संख्या घातल्या तर इथली चारही पदं ऋण होतात, त्यामुळं त्या बाद. उरले १, ५, ७ आणि ३५. एक घातला तर उणे अठ्ठावीस. पाच घातला तर १२५ − १५० + ६० − ३५, म्हणजे शून्य. आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर: उरलं क्ष² − क्ष + ७. त्याला वास्तव मूळ नाही, म्हणून पाचशिवाय दुसरी वास्तव राशी नाही, हेही तिला आता खात्रीनं सांगता येतं. भास्कराचार्यांच्या युक्तीची सर तिच्या पद्धतीला नाही, हे मी मान्य करतो. पण तिची पद्धत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गणिताला चालते.

मात्र ही पद्धत का चालते, हे फार थोड्या वर्गांत सांगितलं जातं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण सिद्धता एवढीशी आहे आणि तिला लागणारी गोष्ट मुलं प्राथमिक शाळेत शिकलेली असतात. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. सत्तेचाळीसला पाचनं भागलं तर नऊ वेळा भाग जातो आणि दोन उरतात. बहुपदींचंही असंच आहे. भाजक क्ष − अ घेतला, तर बाकीची कोटी भाजकाहून कमी असली पाहिजे, म्हणजे बाकीत क्ष असूच शकत नाही. ती नुसती संख्या. आता दोन्ही बाजूंना क्षच्या जागी अ ठेवा. भाजक शून्य झाला. भागाकार काय होता हे आपल्याला माहीतही नाही, पण शून्यानं गुणल्यावर तो गेला. राहिली फक्त बाकी. म्हणून बहुपदीत अ ठेवल्यावर येणारी किंमत आणि क्ष − अ ने भागल्यावर उरणारी बाकी एकच. हा शेष सिद्धांत, आणि बाकी शून्य असेल तेव्हाचा शेष सिद्धांत म्हणजेच अवयव सिद्धांत. भागाकार न करता बाकी सांगता येते. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ही लबाडी वाटली होती आणि मी घरी जाऊन चार लांबलचक भागाकार करून खात्री करून घेतली होती.

माझे वडील बाजार समितीत हिशोब लिहायचे. मोठा गुणाकार झाला की ताळा करायचे: अंकांची बेरीज करायची, नऊ झाले की टाकून द्यायचे, दोन्हीकडं सारखंच उरलं तर गुणाकार बरोबर असण्याची आशा. मी अकरावीत असताना एकदा सरांनी विचारलं, ‘तुझ्या वडिलांचा ताळा का जमतो, सांग.’ मला सांगता आलं नाही. त्यांनी फळ्यावर ७३२६ लिहिलं आणि त्याखाली ७क्ष³ + ३क्ष² + २क्ष + ६. क्ष म्हणजे दहा धरलं की तीच संख्या. आता या बहुपदीला क्ष − १ ने भागा. बाकी म्हणजे एक ठेवल्यावर येणारी किंमत, म्हणजे सहगुणकांची बेरीज, अठरा. आणि क्ष दहा असताना क्ष − १ म्हणजे नऊ! म्हणून अंकांच्या बेरजेला नऊनं भाग गेला की संख्येलाही जातो. मग त्यांनी उणे एक ठेवला: −७ + ३ − २ + ६, बरोबर शून्य. म्हणजे क्ष + १ हा अवयव. उरलं ७क्ष² − ४क्ष + ६. क्ष दहा धरा: अकरा गुणिले सहाशे सहासष्ट, सात हजार तीनशे सव्वीस. पाचवीत घोकलेल्या नऊच्या आणि अकराच्या कसोट्या एकाच सिद्धांताच्या पोटात होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर मी वडिलांना ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘असं होय!’ आणि पुढचा ताळा करताना थोडे थांबले, एवढं मला आठवतं.

आता पुन्हा भास्कराचार्यांकडं. घनाच्या प्रश्नापाठोपाठ ते आणखी अवघड प्रश्न घालतात. राशीच्या वर्गवर्गातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची चारशेपट वजा केली, तर दहा हजाराला एक कमी एवढं उरतं, राशी कोणती? क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष − ९९९९ = ०. दोन्ही बाजूंत चार वर्ग, चारशे क्ष आणि एक मिळवला, की एकीकडं क्ष² + १ चा वर्ग होतो आणि दुसरीकडं २क्ष + १०० चा. हे कुणाला सुचेल? त्यांना सुचलं, आणि अकरा हे उत्तर निघालं.

आपण ९९९९ चे अवयव पाडू: नऊ, अकरा आणि एकशे एक यांचा गुणाकार. अकरा घालून बघायचा तर मोठमोठे घात काढायची गरज नाही. संश्लेषक भागाकार आहे. सहगुणक ओळीनं मांडा: १, ०, −२, −४००, −९९९९. गाळलेल्या पदाचा शून्य विसरायचा नाही, मुलांच्या निम्म्या चुका तिथं होतात. पहिला एक तसाच खाली उतरवा. अकरानं गुणा, पुढच्यात मिळवा: ११. पुन्हा अकरानं गुणा, मिळवा: ११९. पुन्हा: ९०९. पुन्हा: शून्य. बाकी शून्य, आणि उरलेला भागाकार त्याच ओळीत लिहिलेला आहे: क्ष³ + ११क्ष² + ११९क्ष + ९०९. ही मांडणी इटलीत रुफिनींच्या नावानं ओळखली जाते, इंग्लंडमध्ये हॉर्नर यांच्या. हॉर्नर यांचा निबंध १८१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. ते शाळामास्तर होते, हे मी मुद्दाम सांगतो. आणि तेराव्या शतकात, १२४७ साली, चीनमध्ये छिन जिउशाओ यांनी समीकरणांची मुळं काढताना याच रीतीनं आकडे मांडले होते.

पण मग उरलं काय? नवीन बहुपदीचं स्थिर पद ९०९ आहे. धन संख्या घातल्या तर सगळंच धन, म्हणून आता ऋण घालायला हव्यात. उणे नऊ घाला: १, मग २, मग १०१, मग शून्य! उरलं क्ष² + २क्ष + १०१. हे म्हणजे क्ष + १ चा वर्ग अधिक शंभर. ते कधीच शून्य होणार नाही. बहुपदी पुरती उलगडली: (क्ष − ११)(क्ष + ९)(क्ष² + २क्ष + १०१). नऊ, अकरा, एकशे एक. ९९९९ चे तिन्ही अवयव आपापल्या जागी येऊन बसले.

उणे नऊ हेही खरं उत्तर आहे. भास्कराचार्यांच्या मार्गानं गेलं तरी शेवटच्या वर्गसमीकरणात ते दिसतं. ऋण मूळ असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टोळीत माकडं किती, या त्यांच्या एका प्रश्नात त्यांना पन्नास आणि पाच अशी दोन उत्तरं मिळतात. पाच घेतले तर प्रश्नातली ‘टोळीचा पाचवा हिस्सा उणे तीन’ ही संख्या ऋण होते, आणि लोकांना अशा ऋण संख्येचा भरवसा वाटत नाही म्हणून ते पाच सोडून देतात. दुसरं उत्तर आहे हे लिहून ठेवून मग सोडतात, हा त्यांचा सच्चेपणा मला फार मोठा वाटतो. पाचशे वर्षांनंतर फ्रान्सचे देकार्त ऋण मुळांना ‘खोटी मुळं’ म्हणत होते. अवयव सिद्धांताला खरं-खोटं कळत नाही. शून्य आलं की अवयव पडला, मग ती संख्या कुणाला रुचो न रुचो.

हुकलेल्या अंदाजांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. शून्य आलं नाही की मुलं ती ओळ खोडून टाकतात. खोडू नका. याच बहुपदीत दहा घातले तर किंमत येते उणे ४१९९ आणि बारा घातले तर अधिक ५६४९. ऋणाकडून धनाकडं जाताना मध्ये कुठंतरी शून्यातून जावंच लागतं. दोन चुकलेल्या अंदाजांनी मूळ दहा आणि बारा यांच्यामध्ये कोंडून धरलं आहे. मूळ पूर्णांक नसतं तेव्हा तर या हुकलेल्या किमतींवरच सगळी भिस्त असते.

आणि या सिद्धांताची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. मूळ कुठं शोधायचं ते तो सांगत नाही. सापडलेल्या मुळाचं काय करायचं ते सांगतो. पूर्णांक सहगुणक असतील तर अपूर्णांकी मुळांचीही यादी करता येते: अंश स्थिर पदाचा विभाजक, छेद पहिल्या सहगुणकाचा विभाजक. यादीबाहेरचं मूळ असेल तर दुसरे मार्ग लागतात. पण मोठी सूत्रं हाताशी असली म्हणून साधा अंदाज कमी दर्जाचा ठरत नाही. कार्दानो यांनी १५४५ साली घन समीकरणाचं सूत्र छापलं. ते क्ष³ = १५क्ष + ४ या निरुपद्रवी दिसणाऱ्या समीकरणाला लावलं, तर उत्तरात उणे एकशे एकवीसचं वर्गमूळ येऊन बसतं. बोलोन्याच्या बोंबेल्ली यांनी १५७२ साली धीर करून अशा मुळांशी हिशोब केला आणि अखेर चार हे उत्तर बाहेर काढलं. काल्पनिक संख्यांचं बीजगणित तिथून उभं राहिलं. आपण चारचे विभाजक घालून बघितले असते तर चौसष्ट उणे साठ उणे चार, शून्य, हे तोंडी झालं असतं, आणि क्ष² + ४क्ष + १ मधून उरलेली दोन मुळंही मिळाली असती. बोंबेल्लींचे कष्ट वाया गेले असं मी मुळीच म्हणत नाही. चार हे उत्तर समोर दिसत होतं म्हणूनच सूत्राच्या त्या विचित्र रूपावर विश्वास ठेवायचं बळ मिळालं. पुढं १८२४ साली नॉर्वेच्या बाविशीही न गाठलेल्या आबेल यांनी दाखवलं की पाचव्या कोटीला असं सर्वसाधारण सूत्रच असू शकत नाही. सूत्र नाही, पण एक मूळ कसंही हाती आलं तर कोटी पाचाची चार होते, हे तिथंही तितकंच खरं.

प्रत्येक मूळ कोटी एकनं उतरवतं, यातून एक मोठी गोष्ट फुकट मिळते. पाचव्या कोटीच्या बहुपदीला पाचपेक्षा जास्त मुळं असूच शकत नाहीत. उतरायला पायऱ्याच तेवढ्या. आणि सिद्धतेत आपण काय वापरलं होतं? बेरीज, वजाबाकी, गुणाकार. म्हणजे आकडे आपले नेहमीचेच हवेत असंही नाही. फक्त दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होता कामा नये. आठ तासांचं घड्याळ धरा, आठ झाले की पुन्हा शून्य. तिथं दोन गुणिले चार शून्य होतात, आणि क्ष² − १ ला १, ३, ५, ७ अशी चार मुळं निघतात! दुसरी कोटी आणि चार मुळं. ज्या आकड्यांत असं होत नाही, ते आकडे निवडावे लागतात.

असे दोनशे छप्पन्न आकडे निवडून केलेलं एक काम तुम्ही आज सकाळीच पाहिलं असेल. भाजीच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला. त्याच्या पोटात रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली युक्ती आहे. संदेशातले आकडे हे एका बहुपदीचे सहगुणक मानायचे. काही ठरावीक रेषीय अवयवांचा गुणाकार आधीच करून ठेवलेला असतो. संदेशामागं जादा आकडे असे जोडायचे की अख्ख्या बहुपदीला त्या गुणाकारानं पूर्ण भाग जावा, बाकी शून्य. फोन कोड वाचतो तेव्हा ती ठरावीक मुळं एकामागून एक बहुपदीत घालून बघतो. सगळीकडं शून्य आलं, तर कोड धड आहे. कोपरा फाटला असेल, चिखल उडाला असेल, तर काही किमती शून्य येत नाहीत, आणि त्या न आलेल्या शून्यांवरूनच कुठले आकडे बिघडले आणि ते मुळात काय होते हे फोन काढतो. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे तीस टक्के भाग गेला तरी मजकूर परत मिळतो. सरांनी हे पाहिलं असतं तर गाडीपाशी थांबून भाजीवाल्या मावशींना ते सगळं समजावलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. देकार्त यांनी १६३७ साली लायडनला छापलेल्या भूमितीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात उलटा प्रवास केला आहे. मुळं आधी ठरवली, त्यांचे रेषीय अवयव लिहिले, आणि एकेक गुणत चौथ्या कोटीची बहुपदी बांधली. चारांपैकी एक मूळ त्यांच्या भाषेत ‘खोटं’ आहे. मी ती बहुपदी फळ्यावर लिहितो:

क्ष⁴ − ४क्ष³ − १९क्ष² + १०६क्ष − १२०

एकशे वीसला विभाजक पुष्कळ आहेत, घाबरू नका. पहिलं शून्य आल्यावर थांबू नका, आणि न आलेली शून्यंही वहीत राहू द्या. फळा उद्या दुपारपर्यंत पुसू नये, असं मी इथल्या मामांना सांगून ठेवलं आहे.